बदामाएवढी भीती

ऋतुजा चौगुलेने भीती पहिल्यांदा पाहिली ती एका दाताच्या दवाखान्यात, वयाची तिशी उलटून गेल्यावर.

सांगलीतल्या विश्रामबागेत तो दवाखाना होता आणि ऋतुजा तिथे बाहेरच्या टेबलावर बसायची. पेशंटची नावं घ्यायची, पुढच्या तारखा द्यायच्या, आत यंत्राचा आवाज सुरू झाला की बाहेर बसलेल्यांना पाणी विचारायचं. एरवी सगळी कामं यंत्रांनी घेतली होती, पण दात काढायला आलेल्या माणसाला समोर माणूसच लागतो, असं डॉक्टरांचं मत होतं. ते तिच्यावर खूश होते. आतून कितीही ओरडण्याचे आवाज आले तरी ही बाई जागची हलत नाही, मोठी धीराची आहे, असं ते सगळ्यांना सांगायचे.

त्या सकाळी कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ऋतुजाने सहज मान वर केली आणि ती बघतच राहिली. त्यांच्या डोळ्यांत बुबुळांच्या वरची पांढरी कड दिसत होती. भुवया वर जाऊन एकमेकींकडे ओढल्या गेल्या होत्या, ओठ दोन्ही बाजूंना ताणले होते. असा चेहरा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. ती उठून त्यांच्याजवळ गेली.

"काका, बरं वाटत नाही का? चेहऱ्याला काय झालं तुमच्या?"

"काय न्हाई, बाई," ते कसंनुसं हसले. "भ्या वाटतंय. दाढ काढायची म्हटल्यावर दुसरं काय?"

"असं दिसतं होय ते?" ऋतुजा म्हणाली. काकांना ती काय विचारतेय तेच कळलं नाही.

ऋतुजाला शाळेत असल्यापासून फिट यायच्या. पण तिची फिट कुणाला फिट वाटायचीच नाही. ती खाली पडत नसे, तोंडाला फेस येत नसे. नजर एका जागी थिजायची आणि हात जे करत असतील ते करतच राहायचे. वहीत लिहीत असेल तर तोच शब्द, पान भरलं तरी. पोळी लाटत असेल तर पोळी फाटून पोळपाटाला चिकटली तरी लाटणं फिरत राहायचं. हाक मारली, गदागदा हलवलं, तरी तिला पत्ता नसे. थोड्या वेळाने ती आपोआप भानावर यायची आणि मधलं काही आठवत नसायचं. गोळ्या झाल्या, एका गोळीला दुसरी, दुसरीला तिसरी जोडून झाली. केस गळले, अंगाला सूज आली, फिट थांबल्या नाहीत. मनगटावरचा जो पट्टा बाकीच्या पेशंटना फिटचा आधी इशारा द्यायचा, त्याला हिची फिट कधी ओळखता आली नाही. मेंदूच्या प्रत्येक फोटोवर एकच शेरा असायचा, विशेष काही नाही.

मग मिरजेला तिला डॉ. शाहीन मुजावर भेटल्या. त्यांच्याकडचं नवं यंत्र मेंदूचा नुसता फोटो काढत नसे, रक्त कुठून निघतं, कुठे आणि किती वेगाने जातं, ते दाखवायचं. पडद्यावर ऋतुजाच्या उजव्या कानाच्या आतल्या बाजूला एक लाल ठिपका लुकलुकत होता.

"तुमच्या वडिलांचा मळा आहे म्हणालात ना?" डॉक्टरांनी विचारलं. "मग तुम्हाला पटकन कळेल. कालव्याचं पाणी पाटात येतं, पाटातून सऱ्यांत जातं, सरीत मुरतं आणि उरलेलं नाल्याला लागतं. मेंदूतही असंच असतं. धमनी म्हणजे कालवा, शीर म्हणजे नाला आणि मधल्या केसासारख्या वाहिन्या म्हणजे सऱ्या. तुमच्या इथे कालव्याला भगदाड पडून पाणी थेट नाल्यात पडतंय. जन्मापासून."

"मग शेजारचं शेत कोरडं राहत असणार," ऋतुजा म्हणाली.

"बरोबर. ते उपाशी राहतं, आणि उपाशी पेशी भडकतात. तीच तुमची फिट. गोळ्या भडका विझवायला बघतात. भगदाड आहे तिथेच राहतं."

"मग तो नालाच काढून टाका की."

"तिथंच तर अडलंय. रक्तवाहिन्यांचा नेहमीचा गुंता असता तर मी कापून काढला असता. पण तुमची ही शीर वेडीवाकडी असली तरी कामाची आहे. चांगल्या भागाचं रक्तही तीच वाहून नेते. ती काढली तर तो भाग तुंबून मरेल. अशी जोडणी क्वचितच कुणात असते, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसली नाही."

उपाय नवा होता. मांडीतल्या शिरेतून तार वर न्यायची आणि भगदाडाच्या तोंडाशी कोळ्याच्या जाळ्याहून बारीक अशी एक जाळी सोडायची. जाळीवर ऋतुजाच्याच रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी असायच्या. त्या हळूहळू पसरतात, एकमेकींना टेकल्या की थांबतात, आणि भगदाडावर जिवंत भिंत उभी राहते. हे सावकाश होणंच बरं, असं डॉक्टर म्हणाल्या. जन्मभर कोरड्या राहिलेल्या शेतात एकदम पाणी सोडलं तर बांध फुटतात.

जाळी उन्हाळ्यात बसवली. गणपती येईपर्यंत फिट बंद झाल्या. ऋतुजाचा नवरा सम्मेद इथेनॉलच्या कारखान्यात केमिस्ट होता, मोजक्या शब्दांत बोलणारा. त्याने त्या वर्षी पहिल्यांदा सबंध गल्लीला पेढे वाटले.

आणि मग दाताच्या दवाखान्यात ते काका भेटले.

डॉ. मुजावर यांना हे ऐकून आनंदच झाला. त्यांनी ऋतुजाला चेहऱ्यांचे फोटो दाखवले. घाबरलेला चेहरा तिने एकही चुकवला नाही.

"मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखणं हे त्याचं मोठं काम. तुमचा उजवीकडचा बदाम नेमका त्या कोरड्या पट्ट्यात होता, आणि डावा एकटा कमी पडत होता. आता तिथे पाणी पोचलंय. इतके दिवस तुम्हाला घाबरलेली माणसं कशी दिसायची?"

ऋतुजाने आठवून पाहिलं. "मला वाटायचं, त्यांना कशाचं तरी आश्चर्य वाटतंय."

ती हसतच घरी आली. त्या दिवशी तिला सगळं जग नवं वाटत होतं. तिची मुलगी त्रिशा चौथीत होती. ती टेबलाशी चित्र काढत बसली होती. तिचे केस लहानपणापासून मुलासारखे कापलेले असायचे, सम्मेदच तिला सलूनमध्ये घेऊन जायचा. त्या दिवशी ते विस्कटले होते. ऋतुजाने कंगवा उचलला.

"ये गं, भांग काढून देते."

त्रिशाने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत वरची पांढरी कड दिसली. भुवया वर गेल्या, ओठ ताणले गेले. दवाखान्यातल्या त्या काकांचा होता तसाच चेहरा, फक्त लहान. दुसऱ्याच क्षणी ती हसली.

"नको आई. बाबा करतो ना रोज."

ऋतुजाने कंगवा खाली ठेवला. हा चेहरा नवा नव्हता. त्रिशाच्या चेहऱ्यावर तो तिने शेकडो वेळा पाहिला होता. तिला वाटायचं, आपली पोर फार कुतूहल असलेली आहे, सगळ्याकडे कशी नवलाने बघते.

त्यानंतर ती लक्ष ठेवू लागली. तिने विळी घेतली की सम्मेद कुठूनतरी स्वयंपाकघरात यायचा आणि तिच्या नि त्रिशाच्या मध्ये उभा राहायचा. मोरीतला नळ सोडला की त्रिशाचे खांदे आखडायचे. एरवी मोजकं बोलणारा सम्मेद अशा वेळी काही ना काही बोलत असायचा, कारखान्यातल्या गमती सांगायचा, पण चेहरा वेगळंच सांगत असायचा.

"त्रिशा मला घाबरते का रे?" एकदा तिने विचारलं.

"काहीतरीच काय! स्वतःच्या आईला कोण घाबरतं?"

"आणि तू?"

"ऋतू, तुला आत्ता कुठे बरं वाटायला लागलंय. नको ते डोक्यात घेऊ नकोस."

तो हसत होता. त्याच्या डोळ्यांत पांढरी कड होती.

रविवारी ती त्रिशाला घेऊन विनाचालक रिक्षाने आमराईत गेली. झाडाखालच्या बाकावर बसून दोघींनी भेळ खाल्ली. त्रिशाचं खाऊन होईपर्यंत ऋतुजा थांबली. मग तिने आपले हात मांडीखाली घेतले आणि विचारलं, "तू मला का घाबरतेस, बाळा? मी रागावणार नाही."

त्रिशाने बराच वेळ बाकाचा रंग नखाने खरवडला.

"बाबा म्हणतो, आईला सांगायचं नाही. तिला वाईट वाटेल."

"वाटू दे."

"मी बालवाडीत होते. तू मला आंघोळ घालत होतीस." ती खाली बघत बोलत होती. "मग तू थांबलीस. म्हणजे बोलायची थांबलीस. हात थांबले नाहीत. तू माझ्या तोंडावर पाणी ओततच राहिलीस. एका हाताने मानेला धरलं होतंस. मी ओरडले तर पाणी तोंडात गेलं, नाकात गेलं. बाबाने दार मोडलं."

ऋतुजाने मांडीखालचे हात आणखी आत दाबले.

"आणि मग तू बरी झालीस," त्रिशा म्हणाली, "आणि मला म्हणालीस, अगं, एवढी का खोकतेस?"

त्याशिवाय कंगव्याचंही एकदा झालं होतं, असं त्रिशाने सांगितलं. टाळूतून रक्त येईपर्यंत ती विंचरत राहिली होती. सम्मेदने तिला सांगितलं होतं की पोर सायकलवरून पडली. मोरीच्या दाराची आतली कडी त्याने काढून टाकली होती, ती तुलाच फिट आली तर दार उघडता यावं म्हणून, असं सांगून. त्रिशाच्या खोलीला मात्र आतून नवी कडी बसवली होती.

घरी आल्यावर तिने सम्मेदला एवढंच विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू तिला जवळ घेणंच सोडलं असतंस. तिला आई हवी होती, ऋतू. मी लक्ष ठेवत होतो. इतकी वर्षं मी फक्त लक्षच ठेवत होतो."

त्यावर भांडावं असं तिला वाटलं नाही. फिट आता नव्हत्या. मोरीतली ती बाई आता येणार नव्हती. पोरीची भीतीही सवयीसवयीने जाईल, असं तिने मनाशी धरलं. तसं होऊही लागलं. दिवाळीच्या सुमारास त्रिशा अभ्यासाला तिच्याजवळ येऊन बसू लागली. एकदा तर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ऋतुजा पाय अवघडले तरी हलली नाही. झोपलेल्या चेहऱ्यावर कसलीच कड नव्हती.

दिवाळीनंतर ती नेहमीच्या तपासणीला मिरजेला गेली. डॉ. मुजावर यांनी पडद्याकडे पाहिलं, मग ऋतुजाकडे पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "भिंत चांगली भरलीय. आपण पुढच्या महिन्यात परत एकदा बघू."

"मॅडम, तुम्ही घाबरलाय," ऋतुजा म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या बाईपुढे आता खोटं बोलून उपयोग नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"पेशी एकमेकींना टेकल्या की थांबतात, असं मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीच्या पेशंटमध्ये थांबल्या. तुमची शीर वेगळी आहे. तिच्यात रक्त एकाच वेळी दोन दिशांनी घुसळतं. त्या घुसळणीत पेशींना कड सापडत नाही. भिंत झाली, तरी त्या पुढे चालल्यात, शिरेच्या आतून. नाला आतूनच बुजत चाललाय."

"पूर्ण बुजला तर?"

"तुमच्यासारखीच जोडणी असलेले एक गृहस्थ होते, हुबळीचे. मागच्या महिन्यात गेले. जाळी बनवणारे म्हणतात, थांबा, घाई नको, एकाच घटनेवरून काही सांगता येत नाही. पण मला थांबावंसं वाटत नाही. वर्ष निघेल असं मला वाटत नाही."

"यावर काही उपाय?"

"जाळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. धागे गेले की पेशीही गळून जातात, शीर मोकळी होते. जीव वाचेल. पण भगदाड उघडं पडेल. सगळं पहिल्यासारखं होईल."

"फिट?"

"हो."

"आणि चेहरे?"

"तेही. दुसरी कुणी चांगली जाळी करेपर्यंत. ती कधी होईल, मला सांगता येणार नाही."

सम्मेदला तिने दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत बसवून सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "इंजेक्शन घ्यायचं. विचार कसला करायचा त्यात? तू जगलीस की बाकीचं बघू."

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "आता बोलू नकोस. मी दोनच वाक्यं म्हणते."

तो बघत राहिला.

"जाळी अशीच ठेवली तर मी वर्षभरात जाईन."

त्याच्या चेहऱ्यावर भीती आली. खरी, पोटातून आलेली. ती तिने नीट पाहून घेतली.

"जाळी विरघळवली तर फिट परत येतील."

या वेळी आलेली भीती मोठी होती. तिला फोटो नको होते, मापं नको होती, दिसत होतं. सम्मेदला स्वतःलाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"ऋतू, तसं नाही... मी तसं कधी..."

"राहू दे," ती म्हणाली. "बाप आहेस तू." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. ते संपेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

पुढचे काही दिवस ऋतुजाने मिरजेला फोन केला नाही. डॉक्टरांचे फोन आले, ते तिने घेतले नाहीत. ती कामावर गेली, घाबरलेल्या माणसांना पाणी दिलं, त्यांचे हात हातात घेतले. जाळी ठेवायची, असं तिचं जवळजवळ ठरलं होतं. वर्ष म्हणजे काही कमी नव्हे. त्या वर्षात त्रिशाला एक आई मिळेल जिला घाबरायचं कारण नाही. नंतर सम्मेद होताच, जयसिंगपूरला सासूबाई होत्या.

पण लहान घरात मुलांना सगळं ऐकू जातं. एका संध्याकाळी ती डाळ निवडत असताना त्रिशा येऊन समोर बसली.

"आई, तू ते इंजेक्शन घे."

ऋतुजाने ताट बाजूला सारलं. "त्याने काय होतं माहितेय ना तुला?"

"माहितेय." त्रिशाच्या चेहऱ्यावर भीती होती, लपवायचा प्रयत्नही तिने केला नव्हता. "मला कडी लावता येते. बाबाने शिकवलंय. आंघोळ मी माझी मी करते. तू मरू नकोस."

ऋतुजा पोरीकडे बघत राहिली. इतकी भीती आणि तरी तिथून न उठणं, या दोन्ही गोष्टी एका चेहऱ्यावर एकदम असू शकतात, हे तिला कुठल्या फोटोत दिसलं नव्हतं. तिने त्याच संध्याकाळी मिरजेला फोन लावला.

इंजेक्शन घेण्याआधी तिने त्रिशाकडून एक शब्द घेतला. "मला पुढे चेहऱ्यावरून कळणार नाही. तू तोंडाने सांगायचं. भीती वाटली तर वाटली म्हणायचं. मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"बाबाने सांगितलं तरी?"

"बाबाने सांगितलं तरी."

जाळी विरघळायला काही आठवडे लागले. आधी दवाखान्यातले लोक बदलले. ते बसल्या जागी चुळबुळ करायचे, पण त्यांना काय होतंय ते चेहऱ्यावरून कळेनासं झालं. मग सम्मेदचा चेहरा गेला. त्रिशाचा ती शेवटपर्यंत धरून होती. मुलगी जेवताना, लिहिताना, टीव्ही बघताना ती टक लावून बसायची.

"असं काय बघतेस गं?" त्रिशा वैतागायची.

"बघून ठेवतेय."

मग एक दिवस तिला जाणवलं की आपण नुसते डोळे बघतोय, नाक बघतोय, आणि त्यांचा काही अर्थ लागत नाही. शेत पुन्हा कोरडं झालं होतं.

पहिली फिट आली ती थंडीत, एका सुट्टीच्या सकाळी. ती जमिनीवर बसून मटार सोलत होती, त्रिशा शेजारी बसून दाणे खात होती, सम्मेद चहा करत होता. त्यानंतरचं तिला काही आठवत नाही. भानावर आली तेव्हा सम्मेदने तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली होती. सगळीकडे सालं आणि चिरडलेले दाणे पसरले होते. तिच्या नखांत हिरवा चोथा होता. त्रिशा आता शेजारी नव्हती, दाराशी भिंतीला टेकून उभी होती. तिने आपली एक मूठ दुसऱ्या हातात घट्ट दाबून धरली होती.

"लागलं का कुणाला?" ऋतुजाने विचारलं.

"नाही," सम्मेद म्हणाला. "कुणाला काही झालं नाही."

"त्रिशा, हात दाखव बघू."

"काही नाही झालं आई." तिने मूठ फ्रॉकमागे नेली.

ऋतुजाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते, तोंड मिटलेलं होतं. ती वाचायचा प्रयत्न करत राहिली, ज्या लिपीतलं एकही अक्षर आपल्याला येत नाही तिच्याकडे माणूस बघत राहतो तशी.

"भीती वाटतेय का तुला? आपलं ठरलंय, खरं सांगायचं."

त्रिशाने एकदा बापाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

सम्मेदने हळूच ऋतुजाची मनगटं सोडली. ऋतुजा आणखी थोडा वेळ मुलीकडे बघत बसली.

"बरं," ती म्हणाली, आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले.